१२ ग्रॅम सोनं वितळत नाही, थिजतंय. घरगुती छोटी भट्टी कशी करावी?

नथवाली (पुणे)

मी घरी नथी करते. २२ कॅरटची तार विकत आणते. कापताना उरलेली टोकं, बिघडलेल्या कड्या, कानशीचा भुगा आणि गिऱ्हाइकांनी मोडीत दिलेल्या जुन्या नथी असं दोन-तीन महिन्यांत १०-१५ ग्रॅम साठतं. आतापर्यंत ते बाहेर वितळवून आणत होते. दर वेळी थोडी घट निघते आणि ती कशाची हे विचारलं की समोरचा छताकडे बघतो. म्हणून आता स्वतःच करायचं ठरवलंय.

सध्याचा थाट असा: ब्युटेनच्या नळकांडीवर बसणारा हातातला टॉर्च, बशीसारखी पांढरी सिलिकाची मूस (सोनं वितळवायचं भांडं), खाली बांधकामातली लाल वीट. जागा गच्ची. पाच ग्रॅम असेल तर काम होतं, टाकणखार (बोरॅक्स) टाकला की छान गोळी धावते. बारा ग्रॅम टाकलं की वरून चकाकतं, खालून लापशी. वीस मिनिटं टॉर्च धरून मनगट गेलं, शेवटी ज्योतच मंदावली, आणि मूस तिरकी केली तर सोनं थिजलेल्या तुपासारखं जागच्या जागी. नळकांडी हाताला बर्फासारखी लागत होती, हे आणखी एक कोडं.

एका व्हिडिओत रंगाच्या रिकाम्या डब्यात प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळू ओतून भट्टी केलेली पाहिली. तशी करू का? किती मोठी? ज्योत कुठून सोडायची? आणि हाच टॉर्च चालेल का?

पेठकर

ताई, एवढा उपद्व्याप कशाला? इलेक्ट्रिक भट्टी मिळते, आत ग्राफाइटची मूस, बाहेर तापमानाचा आकडा. बटण दाबा, चहा पिऊन या.

नथवाली

पाहिली ती. मूस एक किलोची. माझं बारा ग्रॅम त्यात तळाला टिकलीसारखं दिसेल, ओतताना निम्मं कडेलाच राहील. शिवाय आमचा वाडा जुना आहे. मिक्सर आणि इस्त्री एकदम लावली तरी फ्यूज जातो.

उद्यमनगर (कोल्हापूर)

मी सोनार नाही, बिडाच्या फाउंड्रीत अस्तराचं काम बघतो. पण भट्टी ती भट्टी.

आधी प्लास्टरचा नाद सोडा. प्लास्टर घट्ट होतं ते पाणी धरून. तापलं की ते पाणी निघून जातं, मागे भेगा आणि भुकटी राहते. वाळू-प्लास्टरच्या भट्ट्या अॅल्युमिनियमसाठी चार-सहा वेळा टिकतात, कारण अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. शुद्ध सोन्याला १०६४ लागतात. तांबं-चांदी मिसळलेलं २२ कॅरट त्याच्या अलीकडे पाणी होतं, पण ओतण्यासाठी वर थोडी ऊब शिल्लक हवी. साधं सिमेंट, लाल वीट, नदीचा दगड यातलं काहीच ज्योतीसमोर नको. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की कपचा उडतो, आणि तो तोंडाच्याच दिशेनं उडतो असा माझा अनुभव आहे.

रंगाचा डबा वापरायचाच असेल तर जस्ताचा मुलामा नसलेला बघा. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पण मुलाम्याचा पांढरा धूर त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्याकडे वेल्डिंगवाल्यांना विचारा.

तुमची बारा ग्रॅमची लापशी का होते, तर उघड्यावर तापलेली वस्तू चहूकडे उष्णता फेकत असते, आणि तापमान चढतं तसं हे फेकणं फार झपाट्यानं वाढतं. ८०० वरून १०५० अंशांना गेलात की दुपटीहून जास्त. पाच ग्रॅमला टॉर्च ही गळती पुरवतो, बाराला नाही. मूस भिंतींच्या आत बसवलीत की त्या भिंतीच लाल होऊन तिला उष्णता परत देतात. भट्टी म्हणजे एवढंच.

भिंतींसाठी दोन पर्याय. एक, सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट, २५ मिलीमीटर जाडीचं, १२६० अंशांचं. पटकन तापतं. पण त्याचे तंतू फुफ्फुसासाठी वाईट, म्हणून कापताना मास्क आणि वरून रिफ्रॅक्टरीचा, म्हणजे आग सोसणाऱ्या मसाल्याचा, लेप हवाच. उघडं ब्लँकेट घरात नको. दुसरा, मऊ इन्सुलेशन वीट. हाताला थर्माकोलसारखी हलकी लागते, चमच्यानं कोरता येते. माप २३० × ११५ × ७५ मिलीमीटर. दुकानात नुसती फायरब्रिक मागितलीत तर जड, कडक वीट हातात देतील. ती उष्णता सोसते, पण पिऊनही टाकते, तुमचा टॉर्च तिला तापवतानाच दमेल. तुमच्यासाठी मऊ वीटच बरी.

गलाईवाला (त्रिशूर)

ताई, उशिरा लिहितोय, दुकान बंद करून बसलो. आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, विट्याजवळचे. आमच्या भागात पाऊस कमी, म्हणून घरटी एक माणूस गलाईला बाहेर. कुणी पंजाबात, कुणी बंगालमध्ये, माझे वडील केरळात आले. दुसऱ्याचं सोनं वितळवून, गाळून, शुद्ध करून द्यायचं, हाच धंदा. त्यामुळं तुमच्या घटीचा प्रश्न वाचून हसू आलं. समोरचा छताकडे बघतो ते मीच असेन असं वाटलं.

उद्यमनगरवाल्या दादांनी उष्णतेचं सांगितलं ते बरोबर. मी दुसऱ्या टोकाकडून सांगतो. तुम्ही विचारताय भट्टी तापेल कशी. आमच्यात पोराला पहिला धडा वेगळा असतो: मूस फुटली तर सोनं कुठं जाईल? त्याचं उत्तर ठरवायचं, मग भट्टी बांधायची.

मी पंचवीस वर्षांचा असताना शहाणपणा केला होता. वडील करवंटीच्या कोळशावर, हातानं फिरवायच्या पंख्यावर काम करायचे. मला गॅस हवा होता. एक मऊ वीट आणली, मधोमध खड्डा कोरला, मूस ठेवली, टॉर्च सोडला. पहिले आठ दिवस मिशीला पीळ. मग एका दुपारी मुशीला तडा गेला. आत १४ ग्रॅम होतं, गिऱ्हाइकाचं. मऊ वीट म्हणजे नुसती भोकं, आणि वितळलेला टाकणखार तिला गुळासारखी विरघळवतो. टाकणखार पुढं, सोनं मागं, दोघं विटेच्या पोटात. वडील काही बोलले नाहीत. खलबत्ता पुढ्यात ठेवला. ती अख्खी वीट मी कुटली, चाळली, पाटीत पाण्यानं धुतली, झारेकरी सोनाराच्या दुकानाची झाडलोट धुतात तशी. १३.२ ग्रॅम परत आलं. बाकीचं माझ्या हिशेबातून गेलं. दीड दिवस लागला, आणि केरळातल्या दमट उन्हात.

तर बांधणी अशी करा.

सोनं जड असतं हे तुम्हाला माहीत आहे, पण किती थोडी जागा घेतं ते डोळ्यासमोर आणा. एका घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅम सोनं चहाच्या चमच्यात मावतं. तुमचं बारा ग्रॅम हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढं. तेव्हा भट्टी मोठी नकोच. मूस घ्या ४० मिलीमीटर रुंद, ४५ उंच, ग्राफाइट-मातीची. भट्टीची पोकळी तिच्याभोवती बोटभर जागा राहील इतकी. जास्त मोठी केलीत तर हवा तापवत बसाल.

दोन मऊ विटा लांब बाजूंनी एकमेकींना चिकटवून आडव्या ठेवा. २३० बाय २३० चा चौरस झाला, ७५ जाडीचा. जिथं सांधा आहे तिथं मधोमध ७० मिलीमीटरचं गोल भोक, अर्धं या विटेत, अर्धं त्या. आरपार. फुलपात्राएवढी जागा होते. बाहेरून लोखंडी तारेनं आवळा. कोरताना विटा ओल्या करू नका, आणि तोंडाला कपडा बांधा.

तळाला मऊ वीट नको, कडक फायरब्रिकचा तुकडा ठेवा. त्यावर फायरक्लेची उथळ बशी, हातानं थापून, आठ दिवस सावलीत वाळवून, मग भाजून. बशीत मध्ये बोटाच्या पेराएवढा उंचवटा. मूस त्या उंचवट्यावर. खाली पुठ्ठ्याचा तुकडा टाका, तो जळून काजळी होते आणि मूस चिकटत नाही. आता मूस फुटली तरी सोनं बशीत. सगळी भट्टी पितळी नव्हे, लोखंडी परातीत ठेवा. ओतताना थेंब सांडला तर परातीत. परात कोरडी हवी, पाण्याचा थेंबसुद्धा नको.

ज्योतीचं भोक एका विटेच्या बाजूनं, तळाशी, २८ मिलीमीटरचं. सरळ मुशीवर रोखू नका. पोकळीच्या कडेला घासून आत जाईल असं तिरकं पाडा. ज्योत मुशीभोवती गरगर फिरली पाहिजे. सरळ मारलीत तर मूस एकाच अंगानं तापते, तडा तिथंच जातो. बाहेरच्या अंगाला भोक जरा नरसाळ्यासारखं पसरट.

वर झाकणाला अर्धी मऊ वीट, तिला भोक. हे भोक टॉर्चच्या तोंडापेक्षा मोठं, तीस तरी. नवीन माणूस इथं चुकतो. उष्णता कोंडायची म्हणून वरचं भोक बारीक ठेवतो, मग आत धूर तुंबतो, ज्योत मागं येते, टॉर्चच्या नळीतच पेटते नाहीतर फट्कन विझते. टॉर्चचं तोंड भोकाच्या बाहेर, विटेला टेकेल न टेकेल असं धरा, आत खुपसू नका. त्याला हवा बाहेरूनच मिळते.

आता तुमची थंड नळकांडी. आतला द्रव गॅस वायू होताना स्वतःचीच उष्णता खर्च करतो, म्हणून नळकांडी गार पडते. ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित खाली उकळतं, तेव्हा नळकांडी गार झाली की दाबच उरत नाही. काहीजण ती गरम पाण्यात ठेवतात. तसलं करू नका. ५ किलोचा छोटा सिलिंडर रीतसर घ्या, त्यावर दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर, चांगली नळी, आणि त्या दाबाचा टॉर्च. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर चालणार नाही, त्याचा दाब शेगडीपुरता. त्याच्यावर काम करायचं तर सोनारी टॉर्च आणि पायाचा भाता लागतो. घरगुती सिलिंडर असल्या कामाला लावणं नियमातही बसत नाही.

पहिल्यांदा पेटवताना भट्टी आणि मूस दोन्ही रिकामी. मंद ज्योत, थांबून थांबून, तासभर. दमट मूस एकदम तापवली की ती बोलते, आणि काय बोलते ते मी वर लिहिलंय.

भुगा मोकळा टाकू नका, ज्योतीचा वारा तो उडवतो. आधी लोहचुंबक फिरवून कानशीचं लोखंड काढा. मग टिश्यूच्या कागदात चिमूटभर टाकणखाराबरोबर पुडी बांधा, पुडीच मुशीत. चिमूट म्हणजे चिमूट. आणि जुन्या नथीत कुणी शिशाचा डाक (जोड सांधायचा धातू) मारलेला असेल तर ती नथ वेगळी ठेवा. किंचित शिसं गेलं तरी सगळं सोनं ठिसूळ होतं, तार ओढताना तुटत राहील आणि तुम्ही जंतरपट्टीला (तार ओढून बारीक करायच्या भोकांच्या पट्टीला) शिव्या द्याल.

नथवाली

काका, प्रिंट काढून भिंतीला लावलं. दोन शंका. जुन्या नथींना जो डाक असतो त्यात कॅडमियम असतं म्हणतात, ते खरं का? आणि गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तीन बाजू बंद. तिथं करू का?

गलाईवाला

खरं आहे. केडीएम म्हणतात ते तेच. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं, म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी त्याचा धूर झालेला असतो. रंगानं तपकिरी, आणि विषारी. आमच्या धंद्यातली जुनी माणसं त्यानं खोकून खोकून गेली. जुनी, कुठली ते माहीत नसलेली नथ असेल तर ती सोडा, बाहेरच द्या. घट सोसा.

शेड नको. उघड्यावर, वाऱ्याला पाठ करून. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर पसरून खोलगट जागी साठतो. सिलिंडर जिन्याच्या तोंडाशी किंवा मोरीजवळ ठेवू नका.

आणि मोडीच्या नथीतले मोती आधी काढता ना? विचारतोय, कारण एकदा एकानं आणले होते मोत्यासकट.

उद्यमनगर (कोल्हापूर)

दोन गोष्टी राहिल्या. सुती कपडे, चामड्याचे हातमोजे, वेल्डिंगचा चष्मा (हलक्या काचेचा, काळाकुट्ट घेतलात तर सोनं दिसणार नाही). आणि ओतायचा लोखंडी साचा आधी गरम करून घ्या, पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडाला पाहिजे. आतून मेणबत्तीची काजळी धरा, लगड सुटून येते.

पेठकर

मी चहा पिऊन आलो. वाचतोय. कधी पेटवताय?

नथवाली

तीन आठवडे लागले, त्यातला बराच वेळ ती बशी वाळण्यात. पहिली बशी मी घाईनं भाजली, तिचे तीन तुकडे. दुसरी आठ दिवस कपाटावर ठेवली. विटा कोरायला नारळाचा चमचा आणि जुना करवतीचा तुकडा पुरला, नवऱ्यानं मास्क घातला नाही आणि दोन दिवस शिंकत होता.

रविवारी पेटवली. रिकामी तासभर, मग थंड होऊ दिली, मग सोनं. ज्योत पहिल्यांदा विझली, कारण मी टॉर्च आत खुपसला होता. बाहेर काढल्यावर आवाजच बदलला, फरफर होती तिची घोंघों झाली. बारा मिनिटांनी वरच्या भोकातून पाहिलं तर आत सगळं एकाच रंगाचं, पिवळट केशरी, भिंत कुठली आणि मूस कुठली ते कळेना. सोनं असं वेगळं दिसलंच नाही. मग ग्राफाइटच्या काडीनं हलकेच हलवलं आणि ते हललं. आरशासारखं.

टाकलं १२.४० ग्रॅम. लगड निघाली १२.३१. बोटभर लांब पण काडीसारखी बारीक, बाजूनं थोडी सुरकुतलेली, कारण ओतताना माझा हात थांबला. पण हातोडीखाली तडा गेला नाही, आणि आज जंतरपट्टीतून तार ०.८ मिलीमीटरपर्यंत आली.

पण ०.०९ गेलं कुठं? आता मीच छताकडे बघतेय.

गलाईवाला

पुडी बांधली होती का?

नथवाली

बांधली होती, पण शेवटचा भुगा उरला तो तसाच वरून टाकला.

गलाईवाला

तेच. आणि जुन्या नथींच्या कड्यांत मळ असतो, मेण असतं, लाख असते, त्याचंही वजन तुम्ही सोनं म्हणून धरलंत. पुढच्या वेळी आधी नुसत्या ज्योतीनं भाजा, उकळत्या पाण्यात धुवा, वाळवा, मग वजन करा. आता बशी आणि परात बघा. नीट उजेडात, भिंग घेऊन. आणि मुशीच्या काठाला जी हिरवट काच चिकटलीय ती तोडून टाकली तर नाहीत ना?

नथवाली

काच डबीत आहे, फेकली नव्हती. हिरवी कशानं?

गलाईवाला

तांब्यानं. डबीत साठू द्या. वर्षभराची झाली की कुटून धुवा, तेव्हा बघा काय निघतं.

नथवाली

बशीत दोन मणी सापडले. मोहरीएवढे, अगदी गोल. काट्यावर ०.०४.